घरासाठी बाजूला काढलेलं

छत्रीवालीने उन्हाच्या क्रीमची ट्यूब उलटी करून दाबली, तसं आधी पाणी आलं आणि मागाहून फुटक्या दह्यासारखी एक गोळी. कंपनीच्या माणसाने ती बोटावर घेतली, चोळून पाहिली आणि बोट फडक्याला पुसलं.

"फेकून द्या, मावशी. हे लावणं आणि न लावणं सारखंच."

"तारीख मागच्याच वर्षीची तर आहे."

"तारखेचं सोडा, डोक्यावर पत्रा आहे तुमच्या. या उन्हात चांगली ट्यूब टिकत नाही आणि ही तर मुदत संपून इथेच शिजलीय. वास येतो, हाताला गार लागतं, माणसाला वाटतं लावलं. ऊन आपलं थेट आत."

बोलता बोलता तो नवी खोकी रचत होता. माणूस या भागात नवा होता. आधीचा असलं काही सांगायचा नाही, माल टाकायचा आणि चालता व्हायचा.

"फेकायच्याच आहेत," ती म्हणाली. "गिऱ्हाईकाला असलं मी कधी दिलं नाही."

हे अगदी खरं होतं. छत्र्या-खुर्च्या भाड्याने देणाऱ्या आणि टोप्या, गॉगल, उन्हाचं क्रीम विकणाऱ्या सात टपऱ्या त्या किनाऱ्यावर होत्या, पण शब्दाला चोख हीच. चांगलं बोटभर घ्या, पाण्यातून आलात की पुन्हा लावा, नाही आलात तरी दोन तासांनी लावा, कान आणि मानेची मागची बाजू विसरू नका, असं ती येणाऱ्या-जाणाऱ्याला मास्तरणीसारखं बजावायची. मुदत संपलेली ट्यूब तिच्या फळीवर एक दिवस राहत नसे. ती वेगळ्या खोक्यात जाई आणि खोकं भरलं की घरी. तिची आई भाजी विकायची. डागाळलेले टोमॅटो, दबलेली वांगी, जे गिऱ्हाईकाला देता येत नाही ते घरच्या पातेल्यात, आणि त्यावर पाच भावंडं धडधाकट वाढली. क्रीमचंही तसंच असणार, नुसतं दिसायला उतरलेलं, असं तिने धरून ठेवलं होतं. बारा वर्षं.

त्याच खोक्यातलं क्रीम ती रोज सकाळी नवऱ्याला स्वतःच्या हाताने लावी. नवरा किनाऱ्यावर जीवरक्षक. गळ्यात शिट्टी, डोक्यावर टोपी, म्हणून सगळे त्याला कप्तान म्हणत. दिवसभर लाकडी मचाणावर बसून पाण्याकडे बघायचं, हे त्याचं काम. टोपीत डोकं झाकलं जाई, कान बाहेरच. तीन महिन्यांपूर्वी डाव्या कानाच्या कडेला खपली धरली, ती काही केल्या बरी होईना. डॉक्टरांनी तुकडा काढून तपासायला पाठवला होता, कानाला पट्टी लावली होती आणि आज अकरा वाजता निकाल कळायचा होता.

कंपनीचा माणूस गेला. तिने खोकं पायाने फळीखाली ढकललं. पायाखालची वाळू सरकते म्हणजे काय होतं, ते तिला वाळूवरच उभं राहून कळत होतं.

डॉक्टरीणबाई वयाने लहान होत्या, पण बोलायला सरळ.

"कॅन्सर आहे. कानाचा वरचा अर्धा भाग काढावा लागेल. मानेत गाठ लागतेय, तीही काढून तपासू. तिच्यात सापडला, तर पुढचं अवघड आहे. हे मी आताच सांगून ठेवते."

कप्तानने मान हलवली.

"बाहेर काम करता, तर क्रीम वगैरे कधी लावलं होतं का?"



"रोज," कप्तान म्हणाला. "हिच्या हातचं. बारा वर्षांत एक सकाळ चुकली नाही. भांडण झालेलं असलं तर तोंड फिरवून, पण लावायची."

"मग इतकी वर्षं यांच्यामुळे निघाली म्हणायची," डॉक्टरीणबाई तिच्याकडे बघून हसल्या. "न लावणाऱ्यांचं फार आधी सुरू होतं."

त्यापेक्षा बाईंनी मुस्कटात मारली असती तर तिला बरं वाटलं असतं.

घरी आल्यावर कप्तान खाटेवर बसला. जेवण त्याने नुसतं चिवडलं.

"ऐकलंस ना, काय म्हणाल्या? तू नसतीस तर मी कधीच गेलो असतो."

"काहीतरी बोलू नका."

ताट उचलून ती मोरीत गेली आणि नळ सोडून उभी राहिली. सांगायचं नाही, असं तिने ठरवलं. आठ दिवसांवर ऑपरेशन, माणसाने धीर एकवटलाय, कशाला त्याच्या मनाला घोर लावायचा. असं स्वतःला समजावत होती, पण खरं एवढंच, की ती भ्याली होती. त्याने हात झिडकारला तर ती कुणाच्या तोंडाकडे बघणार होती?

तेवढ्यात मुलीचा फोन आला. लेक दुसऱ्या गावी उघड्या तलावावर लहान मुलांना पोहायला शिकवते. कप्तानने फोन खाटेवर ठेवून स्पीकर लावला आणि डॉक्टरीणबाईंचं सगळं जसंच्या तसं सांगितलं, आईचं कौतुकसुद्धा. पलीकडे बराच वेळ नुसतं नाक ओढल्याचा आवाज येत राहिला.

"मी रविवारी येते, बाबा. आई आहे का तिथे? आई, माझ्याकडच्या ट्यूब संपत आल्यात गं. आपल्या त्या घरातल्या. बाबांच्या कानाचं कळल्यापासून मी जास्तच लावते. पोरांनाही लावते, पाण्यात उतरायच्या आधी. त्यांच्या आयांना सांगून टाकलंय, तुम्ही काही आणू नका, माझी आई पाठवते."

छत्रीवाली ओल्या हातांनी दारात येऊन उभी राहिली.

"किती पोरं आहेत गं?"

"सकाळी अठरा, दुपारी बावीस. का?"



बुडणारं माणूस ओरडत नाही. हातही हलवत नाही, नुसतं तोंड वर करून उभं असल्यासारखं दिसतं. ते लांबून ओळखायचं, हीच कप्तानची सारी नोकरी. त्याने बायकोकडे पाहिलं, मग कोनाड्यातल्या ट्यूबांच्या खोक्याकडे. त्याचा हात आपोआप कानाच्या पट्टीकडे गेला आणि अर्ध्यातच थांबला.

"आई? आवाज येतोय ना?"

कप्तानने फोन उचलला नाही, बंदही केला नाही. खाटेवरून तो तिच्या बाजूला सरकवला.

"सांग," तो म्हणाला. "आधी तिला सांग."