सोनीचं वजन

मोखाड्याच्या बाजारात त्या दिवशी भाजीपेक्षा अन्नबाबाच्या पिठाला जास्त गर्दी होती. बाबा खुर्चीत बसून ओरडत होता, "अन्नपूर्णेनं स्वतः दळलंय! आठ दिवसांत हाडावर मांस!" देवीनं जातं ओढायचं आणि यानं खुर्ची तापवायची, छान वाटणी होती.

मी सूर्यमाळच्या एका पाड्यावरची अंगणवाडी सेविका. पुढे होऊन विचारलं, "पिशवीवर बनवणाऱ्याचं नाव, आत काय आहे, कधी भरलं, काहीच कसं नाही? कायद्यानं छापावं लागतं."

"प्रसादाला कसला कायदा, बाई? देवीचा पत्ता छापू का?"

लोक हसले. माझ्याच पाड्यावरची पारूही हसली, पण दीड वर्षाच्या हाडकुळ्या सोनीसाठी तिनं एक पिशवी घेतलीच.

पंधरा दिवसांनी वजनाचा दिवस आला. सोनीचे गाल गोल झाले होते. झोळीत बसवली तर काटा किलोभर पुढे. मी तक्त्यावर ठिपका वर चढवला आणि कुपोषितांच्या यादीतून तिचं नाव काढलं. पाड्यानं ते पाहिलं. पुढच्या बाजाराला घरोघरी पिशव्या आल्या.

महिन्याभरात सोनी तापानं फणफणली. आम्ही तिला दवाखान्यात नेलं. डॉक्टर प्रतिभाताईंनी तिच्या नडगीवर अंगठा दाबला. अंगठा उचलला तरी खड्डा तसाच राहिला.

"हे मांस नाही, पाणी साठलंय. हिला काय देत होतात?"

"देवीचा प्रसाद," पारू म्हणाली.

तिसऱ्या दिवशी दुपारी सोनी गेली.

ठाण्याहून अन्न निरीक्षक आले, उरलेली पिशवी सील करून घेऊन गेले. प्रयोगशाळेचा अहवाल दीड महिन्यानं आला: तांदळाच्या पिठात स्टेरॉइडच्या गोळ्या कुटून घातल्या होत्या. त्या गोळ्यांनी भूक वाढते, अंग सुजतं आणि आजाराशी झगडायची ताकद जाते. बाबाला पकडलं, बाकीची पोरं उपचारानं वाचली.

अहवाल वाचून दाखवायला मी पारूकडे गेले. वाचून झाल्यावर ती म्हणाली,

"ताई, मला बी ते पीठ खरं वाटत नव्हतं. पण तुम्ही वजन लिवलंत, म्हून मी दुसरी पिशवी आणली."

 

म्हणून सांगते, बायांनो, छाप नसलेलं काही पोरांच्या तोंडात घालू नका. वाचता येत नसेल तर माझ्याकडे आणा. आणि वजन वाढलं असं मी म्हणाले, तर मलाही विचारा, कशानं वाढलं. मी त्या दिवशी विचारलं नव्हतं.