आवाज येत नाही, भंगार

मी एक जुना, एकोणपन्नास पट्ट्यांचा कीबोर्ड आहे. मित्रांनो, आधीच सांगून टाकतो, मला स्वतःचा आवाज नाही. पेटीसारखा भाता नाही, पोटात स्पीकर नाही. मला वायरने कंप्यूटरला जोडायचं. पट्ट्या माझ्या, आवाज त्याचा, असा आमचा संसार. एवढी साधी गोष्ट, पण तिच्यापायी मी मरता मरता वाचलो.

कारखान्यातून निघालो तो जाहिरातींना चाली लावणाऱ्या एका गृहस्थांच्या घरी आलो. तिथे नऊ वर्षं राबलो. हळू दाबलं तर हळू, जोरात दाबलं तर जोरात, यात मी कधी चुकलो नाही. "याच्यावर माझं घर चालतं," असं ते पाहुण्यांना सांगायचे, तेव्हा माझ्या अंगावर मूठभर मांस चढायचं. पुढे त्यांनी अठ्ठ्याऐंशी पट्ट्यांचा नवा आणला आणि मला जुन्या वस्तूंच्या दुकानात पोचवलं. गरज सरो, वैद्य मरो, दुसरं काय! याला कंप्यूटर लागतो, एवढं सांगायलाही ते विसरले.

दुकानदारकाका भले माणूस, पण सगळी हयात मिक्सर आणि पंखे दुरुस्त करण्यात गेलेली. त्यांनी प्रिंटरची वायर माझ्यात खोचली आणि दुसरं टोक मोबाइलच्या चार्जरला लावलं. माझा दिवा लागला. त्यांनी पट्ट्या दाबल्या, कान लावला. आता चार्जर काय गाणार, कपाळ! त्यांनी माझ्यावर चिठ्ठी चिकटवली, 'आवाज येत नाही, भंगार', आणि मला दारापाशी टोपलीत ठेवलं.

टोपलीत पंचवीस पट्ट्यांचा एक छोटू आधीच पडलेला होता. त्याचीही तीच परीक्षा झालेली, तीच चिठ्ठी. भंगारवाला शनिवारी येतो, हे मला त्याच्याकडूनच कळलं. त्या आठवड्यात मी भीतीने अर्धा झालो.

शनिवारी सकाळी एक मुलगी तिच्या मावशीला घेऊन आली. तिला घरच्या कंप्यूटरवर गाणी करायची होती आणि पैसे बेताचेच होते. मावशीला तीनशे वाद्यांचे आवाज आणि रंगीत दिवे असलेला दुसरा कीबोर्ड आवडला. मुलगी मात्र टोपलीपाशी वाकली. छोटूला दोनच सप्तकं, दोन्ही हातांना पुरायची नाहीत, असं म्हणत तिने मला उचललं.

"अगं, वर लिहिलंय की आवाज येत नाही म्हणून," मावशी म्हणाली. "मुक्याला घेऊन गाणं कसं करणार?"

"मावशी, याला आवाज नसतोच. कंप्यूटरला लावून बघू या."

तेवढ्यात भंगारवाला आला. पोतं आधीच भरत आलेलं, छोटू त्यात मावेना, म्हणून त्याने तो उंबऱ्यावर टेकवला आणि गुडघा देऊन मोडला. पट्ट्या फरशीवर पसरल्या. माझ्या काळजाचं पाणी पाणी झालं.

मग माझ्याकडे बोट दाखवून तो म्हणाला, "तोपण द्या."

मुलीने घाईघाईने मला दुकानातल्या बिलाच्या कंप्यूटरला जोडलं, इंटरनेटवर पियानो वाजवायचं एक पान उघडलं आणि पट्टी दाबली. काही नाही. पुन्हा दाबली. काही नाही. झालं का समाधान, असं मावशीने विचारलं. भंगारवाल्याने माझी एक कड धरलीसुद्धा. मला जीव तोडून ओरडायचं होतं, पण ओरडू कशाने?

मुलगी पडद्याच्या कोपऱ्याकडे निरखून बघत होती. "काका, तुमच्या कंप्यूटरचाच आवाज बंद आहे."

काका ओशाळले. सारखं टुंग टुंग करतो, म्हणून आपणच तो बंद ठेवतो, असं म्हणाले. तिने आवाज चालू केला आणि पट्टी दाबली. माझा सूर दुकानभर घुमला. मावशी दचकून दोन पावलं मागे सरली. भंगारवाल्याने हात काढून घेतला.

काका हसले नाहीत. ते पोत्याकडे बघत राहिले.

"म्हणजे तोही चांगलाच होता," ते म्हणाले.

मुलीने खाली बसून फरशीवरच्या पट्ट्या गोळा केल्या, पण त्यांचं काय करायचं ते तिलाही कळेना.

आता मी तिच्या टेबलावर असतो. ती मला पुसते, झाकून ठेवते, माझ्यावर छान गाणी करते. तरी कंप्यूटर बंद असताना कोणी नवखा माणूस माझी पट्टी दाबतो, तेव्हा अजून धस्स होतं. मित्रांनो, एखादी वस्तू बोलली नाही म्हणून ती मेली असं ठरवू नका. चिठ्ठी लिहिण्याआधी तिला काय लागतं ते जाणत्याला विचारा. आम्हाला स्वतःहून सांगता येत नाही हो. छोटूलाही सांगता आलं नाही.