चढावरचा बाक

त्या दिवशी ऊन कोवळं होतं, वारा अगदी बेताचा. ओलं लाकूड वाळावं ते अशाच हवेत. म्हणून सुतारबाबांच्या सूनबाईंनी मला घासून धुतलं आणि मागच्या सपाट अंगणात ठेवलं. तिथंच घोटाळा झाला.

मी एक बाक. सुतारबाबांनी मला दारापुढच्या चढासाठी घडवलं. चढाकडचे माझे दोन पाय चार बोटं आखूड आहेत. दारात पाणसळ लावून बघा, तिचा बुडबुडा बरोबर मधोमध. सपाटीवर मात्र मी झिंगल्यासारखा कलतो.

शेजारच्या शिंप्यानं कुंपणावरून माझा फोटो काढून गल्लीच्या ग्रुपवर टाकला. 'सरळ काम शिकावं तर आमच्या बाबांकडून.' खाली हसून हसून रडणारे चाळीसेक पिवळे चेहरे.

बाबांना अक्षरओळख नाही. सूनबाईंनी फोन बघून पटकन पालथा ठेवला.

"वाच की. माझंच काहीतरी आहे ना?"

त्यांनी शब्द तेवढे वाचले, चेहरे गिळले. बाबांना ते कौतुकच वाटलं, त्यांचे डोळे भरून आले. हात थरथरतात म्हणून महिनाभर त्यांनी रंधा धरला नव्हता. मला उचलून ते थेट शिंप्याच्या दारात गेले.

"तुला आवडलाय, तर ठेव. मी दुसरा करीन. उद्याच रंधा काढतो."

त्याच्या दारापुढंही तोच चढ, तिथं मी सरळ उभा राहिलो. शिंपी माझ्या पायांकडे बघतच राहिला.

"बाबा, मी... उलटं बोललो होतो. थट्टा केली."

आता रंधा कायमचा माळ्यावर जाणार, असं मला वाटलं. बाबांनी वाकून माझ्या आखूड पायावरून हात फिरवला.

"म्हणजे वाकडा म्हणालास? अरे, वाकडाच आहे तो. सरळ केला असता तर तू घसरून गटारात बसला असतास."

शिंपी हसला, मग बाबाही.

"थट्टा कर रे. पण मला बोलावून कर. मलाही हसू दे."

उलटं बोलणं मी रोज ऐकतो. माझ्यावर बसून माणसं दुसरं करतात काय? पण इथं बोलणाऱ्याचे डोळे दिसतात. फोनवर ज्याच्यावर हसतात, तोच तेवढा बाहेर राहतो. एवढं सांभाळा, बाळांनो.

दुसरा बाक आता निम्मा झालाय. बाबा रंधा ठेवून संध्याकाळी इकडे, शिंप्याच्या दारी येतात. कालही आले. शिंप्यानं माझ्यावरच्या चिंध्या झटकल्या आणि म्हणाला, "बसा बाबा. आज थट्टेला तुमच्या मिशांची पाळी आहे, तुमच्यावाचून सुरू करता येईना."