गाठ बाहेरच्या बाजूला असते

दचकू नका मित्रांनो, पण मी एक जुना सापळा आहे. उंदरांचा नाही आणि वाघाचा तर नाहीच. बांबूच्या काड्यांनी विणलेला, मासे धरायचा सापळा. सध्या माझा मुक्काम सानगडीजवळच्या एका शाळेत, विज्ञानाच्या खोलीत, लोहचुंबकांच्या पेटीशेजारी आहे. माझी मापे मला पाठ आहेत, कारण सातवीच्या मुलांनी ती घेऊन पुठ्ठ्यावर लिहिली आहेत. लांबी ९२ सेंटिमीटर, तोंडाचा व्यास ३१, गळ्याचा व्यास ७, गळ्यातल्या काड्या ४३. चव्वेचाळिसावी काडी एका कोंबडीने मोडली. ते पुढे येईलच.

मला विणले मंगरू आबाजींनी. ते ढिवर समाजाचे. तलावात मासे धरणे हा त्यांच्या घरचा धंदा. त्यांची सून तुळसा लग्न होऊन घरात आली, त्याच वर्षी माझा जन्म झाला. आबाजींनी बांबू चिरला, काड्या तासल्या, भिजवल्या आणि सहा दिवस अंगणात बसून मला आकार दिला.

माझी रचना नीट समजून घ्या. माझे तोंड रुंद आहे, कुणालाही आत यावेसे वाटेल असे. पुढे गळा अरुंद होतो आणि तिथल्या काड्यांची टोके आतल्या बाजूला वळलेली आहेत. मासा आत शिरताना काड्या लवून वाट देतात. तो परत फिरला की तीच टोके त्याच्या अंगावर येतात. तो जितका जोर लावेल तितक्या काड्या आवळतात. शेपटीकडे मी निमुळता होतो. तिथे एक दोरी बांधलेली असते आणि तिची गाठ बाहेरच्या बाजूला असते.

पावसाळ्यात धानाच्या बांध्यांमधले, म्हणजे भातखाचरांतले, पाणी तलावाकडे धावू लागले की आबाजी मला त्या वाटेवर ठेवायचे. आत कोंड्याचा एक गोळा. सकाळी ते मला उचलायचे, शेपटीची गाठ सोडायचे आणि टोपलीत चांदीचा पाऊस पडायचा. बोटाएवढी पिल्ले ते वेचून परत पाण्यात सोडत. "जा बाबू, मोठा होऊन ये," असे म्हणत. "मंगरूचा सापळा रिकामा येत नाही," असे गावात बोलले जाई, तेव्हा माझ्या काड्या अभिमानाने ताठ व्हायच्या.

मग नायलॉनची जाळी आली. एके वर्षी आबाजींनी मला घरापुढच्या सपरीत, छपराखाली टांगले, आणि मी तिथेच राहिलो. कोळ्यांनी माझ्यात घर केले. नंतर एका तांबड्या कोंबडीने कोळ्यांना खाऊन टाकले आणि ती स्वतः राहायला आली. अंडी घालायला तिला माझ्या रुंद तोंडासारखी जागा दुसरी सापडली नाही. गळ्याकडे सरकताना तिने ती काडी मोडली.

"मामाजी, तुमचा सापळा आता अंडे धरते," तुळसा सासऱ्यांना हसून म्हणाली.

"धरू दे. मासोरीले काटे असतात, अंड्याले नसतात," आबाजी म्हणाले.

कोंबडीला एकच त्रास होता. तो म्हणजे प्रतिक्षा, तुळसाची मुलगी. प्रतिक्षा गावातली सगळ्यात मोठ्याने हसणारी मुलगी. ती हसली की कोंबडी अंड्यांवरून उडून थेट अंगणात जायची. मला मात्र ते हसू फार आवडायचे. ओल्या काडीतून वारा जावा तसे ते माझ्यातून जायचे.

प्रतिक्षाचे बाबा जागेश्वर नागपूरला बांधकामावर आहेत. रोज संध्याकाळी फोनवर त्यांचे तोंड दिसायचे, म्हणून घरात एक फोन होता. शाळेतून आल्यावर प्रतिक्षा माझ्याखाली बसून त्यावर एक खेळ खेळायची. वाचताना ओठ हलवायची, अर्धे मोठ्याने वाचायची तिची सवय. त्यामुळे मला सगळे कळायचे. खेळात तिला 'स्वीटी' नावाची मैत्रीण भेटली. तीही तेरा वर्षांची, तीही सातवीत. स्वीटीने तिला खेळातला पांढरा घोडा भेट दिला. मग निळी ढाल दिली.

मला पहिल्यांदा शंका आली ती ढालीच्या वेळी. मित्रांनो, कोंड्याच्या गोळ्याचा वास मी विसरलेलो नाही.

मग स्वीटीने शाळेचे नाव विचारले. मग शाळेच्या ड्रेसमधला फोटो मागितला आणि प्रतिक्षाने तो पाठवला. मग म्हणाली, आपले बोलणे घरी सांगू नकोस, मोठ्यांना कळत नाही. तोंड रुंद, गळा अरुंद, काड्या आतल्या बाजूला. माझाच कुणी भाऊबंद त्या फोनमध्ये बसला होता आणि मला ओरडता येत नव्हते. त्यानंतरचे निरोप प्रतिक्षाने मोठ्याने वाचलेच नाहीत. फक्त तिचे हसणे थांबले. कोंबडी चार दिवस निवांत अंड्यांवर बसून होती आणि मला ती शांतता सहन होत नव्हती.

शुक्रवारी सकाळी प्रतिक्षा अंथरुणातून उठेना. "पोट दुखून राहिलं. मी शाळेत नाही जात."

"काल तर मॅडमनं सांगितलं ना, घरची एक जुनी वस्तू आणा म्हणून?" तुळसा म्हणाली.

आबाजी उठले. त्यांनी कोंबडीला हुसकावले आणि मला खाली उतरवले. कोंबडी त्यांच्या पायाला चोच मारू लागली. "पोट दुखते त शाळेत मॅडम पाहील. मी बी येतो संगं. हा सापळा कोन नेईल मंग? तुमची कोंबडी?" त्यांनी मला खांद्यावर घेतले, नातीचा हात धरला आणि कितीतरी वर्षांनी मी घराबाहेर पडलो.

आबाजी आम्हाला वर्गात सोडून घरी परतले. करुणा मॅडम विज्ञान शिकवतात. साकोलीहून स्कूटीने येतात. त्यांनी मला टेबलावर ठेवले आणि विचारले, "यात शिरलेला मासा परत का जात नाही?"

वर्गात कुंदन नावाचा मुलगा आहे. दरवर्षी पहिला येतो आणि ते कुणाला विसरू देत नाही. तो म्हणाला, "मॅडम, मासोळ्या बयाड असतात, अक्कल नसते. आल्या तसंच परत जायचं ना!"

"छान. तू जाऊन दाखव."

कुंदनने बाही वर केली आणि हात माझ्या तोंडातून कोपरापर्यंत आत घातला. आत अगदी सहज गेला. मग तो बाहेर ओढू लागला. मी काही केले नाही, मी फक्त जसा आहे तसा राहिलो. माझ्या काड्यांनी त्याचे मनगट धरले. त्याने जोर लावला, काड्या आणखी आवळल्या.

"कुंदन अडकला! तळून खाऊ का गा तुले?" मागच्या बाकावरून आवाज आला. वर्ग हसून लोळू लागला.

"मॅडम, टोचून राहिलं!" कुंदनचा चेहरा लाल झाला.

"ओढू नकोस. तुझ्या दुसऱ्या हाताने शेपटीची गाठ सुटते का पाहा."

त्याने हात लांबवला. गाठ वीतभर दूर राहिली.

तेव्हा प्रतिक्षा न सांगता उठली. तिने माझी गाठ सोडली, शेपटीतून आत हात घातला आणि काड्या आतून बाजूला केल्या. कुंदनचा हात मोकळा झाला.

"आता सांगा, कुंदन बयाड आहे का?" मॅडमनी विचारले.

"होऽऽ!" सगळा वर्ग ओरडला.

"नाही," मॅडम म्हणाल्या. "तो वर्गात पहिला येतो, तरी अडकला. हुशारीने इथे काही होत नाही. कारण हा सापळा अडकवण्यासाठीच बनवला आहे. त्याची लाज कुणाला वाटायला हवी? अडकणाऱ्याला की लावणाऱ्याला?" मग त्या सांगू लागल्या. फोनमध्येही असे सापळे असतात. कुणी आधी भेट देते, मग माहिती मागते, मग 'घरी सांगू नकोस' म्हणते, मग घाबरवते. "कुणी असे अडकले तर ओढत बसू नका. एकट्याने गाठ सुटत नाही. गाठ बाहेर असते. बाहेरच्या माणसाला हाक मारा."

सुट्टीची घंटा झाली. मुले धावली. मॅडम फळा पुसत होत्या. प्रतिक्षा माझ्याजवळ थांबली. आणि मित्रांनो, जिने लहानपणापासून मला पाहिले होते, जिला माझी प्रत्येक काडी माहीत होती, तिने स्वतःहून आपला हात माझ्या तोंडात घातला. पार कोपरापर्यंत. आणि नुसती उभी राहिली.

मॅडमनी वळून पाहिले. "अगं, तुझाही अडकला?"

"मॅडम," प्रतिक्षा म्हणाली, "माहा खरंच अडकला."

मॅडमनी डस्टर खाली ठेवले. आधी माझी गाठ सोडली, तिचा हात मोकळा केला, आणि तो हातातच धरून त्या बाकावर बसल्या. प्रतिक्षाने सगळे सांगितले. स्वीटीला आता दुसरा फोटो हवा होता. तसा फोटो कोणीही कोणत्याही मुलाकडे मागू नये. रविवारपर्यंत पाठवला नाही तर पहिल्या फोटोत काहीबाही मिसळून शाळेत सगळ्यांना पाठवीन, अशी धमकी होती.

"बरं झालं सांगितलंस," मॅडम म्हणाल्या. हेच त्यांचे पहिले वाक्य होते. "तुझी काही चूक नाही. आता काही पाठवायचं नाही आणि काही पुसायचंही नाही. पुरावा लागेल."

"आई फोन फेकून देईल, मॅडम. मग बाबा दिसणार नाहीत."

"मी येते ना घरी."

मग आम्ही तिघे स्कूटीवरून निघालो. मॅडम पुढे, प्रतिक्षा मागे, आणि मी तिच्या मांडीवर. वाटेत दोन गायी आणि एक पोस्टमन माझ्याकडे वळून पाहत राहिले.

घरी हे ऐकताच तुळसा लेकीवर ओरडली. "कायले बोलली वं तू अनोळखी माणसाशी? काहून पाठवला फोटो? आन तो फोन! आत्ता तलावात फेकतो!"

प्रतिक्षाने मला घट्ट धरले. तेव्हा आबाजी बोलले. त्यांचा आवाज कधी वर जात नाही, तेव्हाही गेला नाही.

"दमानं, तुळसा. जलमभर सापळे लावले मी. एकबी दिवस मासोरीले विचारलं नाही, काहून आली वं तू? मले मालूम होतं ना. कोंडा मीच ठेवला होता."

 तुळसाने खाली बसून लेकीला कुशीत ओढले, आणि मी मधे असल्यामुळे मलाही. माझ्या दोन काड्या कचकन वाजल्या. "बरं केलं सांगितलं," ती म्हणत राहिली, "बरं केलं, माय."

पुढचे काम नीट झाले. मॅडमनी निरोपांची चित्रे जपून ठेवली. मुलांसाठीचा १०९८ आणि सायबर गुन्ह्यांसाठीचा १९३०, दोन्ही क्रमांक फिरवले आणि पोलिसांत तक्रार दिली. दुसऱ्याच दिवशी एक महिला पोलीस अधिकारी घरी आल्या. साध्या पंजाबी ड्रेसमध्ये. प्रतिक्षाशी तिच्याच आईसमोर, चहा पीत बोलल्या. कोंबडीने त्यांच्या फायलीवर बसून पाहिले. रविवार आला आणि रविवारसारखाच गेला. बाबांनी नागपूरहून फोनमध्ये तोंड दाखवले आणि म्हणाले, "माही पोरगी वाघीण आहे."

काही आठवड्यांनी स्वीटी सापडली. ती तेरा वर्षांची नव्हती आणि मुलगीही नव्हती. दूरच्या शहरातला एक मोठा माणूस होता. त्याच्या फोनमध्ये आणखी अकरा मुलामुलींशी चाललेली बोलणी निघाली. त्या अकरांच्याही गाठी सुटल्या.

आता आनंदाची गोष्ट सांगतो. सव्वीस जानेवारीच्या ग्रामसभेसाठी सातवीच्या मुलांनी, आबाजींच्या हाताखाली, माझा एक थोरला भाऊ बनवला. माणूस रांगत आत जाईल एवढा मोठा. मुलांना ग्रामसभेकडून एक ठराव हवा होता. ठराव कसला, म्हणून सरपंच सेवकराम हसले. त्यांचे पोट गावात प्रसिद्ध आहे. "आधी आत जाऊन या, साहेब, मग सांगतो," कुंदन म्हणाला. आत जिलबीची पुडी ठेवली होती.

सरपंच गेले. जिलबीपर्यंत पोहोचले. मग वळू लागले, आणि तिथेच राहिले.

"अरे, सोडा ना गा!"

आबाजी बाहेरून वाकले आणि गंभीरपणे विचारले, "काहून गेले तुम्ही अंदर, सरपंचसाहेब? एवढे मोठे झाले, समजलं नाही?"

"मंगरू, हे विचाराची वेळ आहे का? आधी गाठ सोड, मंग विचार!"

"लिहून घ्या!" प्रतिक्षा ओरडली. "मॅडम, हेच! हाच आपला ठराव!"

सभा हसून आडवी झाली. गोदावरीबाई नावाच्या म्हाताऱ्या आजीने डोळे पुसत पहिला हात वर केला, मग सगळ्यांनी केला. ग्रामसेवकांना हा ठराव 'पाणी' या विषयाखाली लिहावा की 'रस्ते' या, हे कळेना. शेवटी त्यांनी तो पहिल्याच पानावर लिहिला. मूल काही सांगायला आले तर मोठ्यांचे पहिले वाक्य 'बरं झालं सांगितलंस' हेच असेल. प्रश्न नंतर. गाठ आधी.

सरपंच जिलबी खातच बाहेर आले.

मित्रांनो, माझ्यासारख्या जुन्या वस्तू शेवटी म्हणतात, आम्हाला जपा, आम्हाला फेकू नका. मी तसे म्हणणार नाही. मला वाळवी लागली तरी चालेल. माझी मागणी वेगळी आहे. तुमच्यापैकी कुणी आत असेल तर ओढत बसू नका, हाक मारा. आणि तुम्ही बाहेर असाल, तर हाक ऐकून आधी हात पुढे करा.

त्या सभेनंतर मी शाळेत राहायला आलो आणि माझी दोरी मुलांनी काढूनच टाकली. शेपटी कायमची उघडी. यंदा एका चिमणीने माझ्यात घरटे केले. ती बाहेर पडताना काड्यांच्या वाटेला जात नाही. प्रतिक्षा खिडकीपाशी हसली की ती दचकते, आणि तोंडातून आलेली चिमणी शेपटीतून भुर्रकन उडून जाते. दिवसातून आठ-दहा वेळा तरी.