चाळीस कड्या आणि माझी खरी उंची

मी एक जुनी रेघ आहे. आलेखातल्या स्तंभाच्या माथ्यावर उभी असते ती, दोन्ही टोकांना आडवी टोपी घातलेली. मला एरर बार म्हणतात; स्तंभाचा आकडा खरा किती वर-खाली असू शकतो, ते मी दाखवते. मित्रांनो, आपली कहाणी सांगताना बाकीचे डोळे पुसतात. मला मात्र दातओठ खावेसे वाटतात. ते मला नाहीत, हे काहींचं नशीब.

माझा जन्म एका कारखान्याच्या तपासणी विभागात, चौकटीच्या कागदावर झाला. तिथे बेअरिंगच्या कड्या घासून तयार होत. जुने तपासनीस प्रत्येक मशीनच्या कड्या मोजत आणि पातळ, बरोबर, जाड असे तीन स्तंभ काढत. मग पेन्सिलीला टोक करून प्रत्येक स्तंभावर मला उभी करत. माझं माप सोपं होतं. प्रत्यक्ष जेवढ्या मोजल्या, त्या आकड्याचं वर्गमूळ. शंभर सापडल्या तर दहा वर, दहा खाली. चारच सापडल्या तर दोन वर, दोन खाली. म्हणजे निम्मा भरवसा तिथेच गेला.

"स्तंभ बढाया मारतो, ही त्याचा कान धरते," असं ते म्हणायचे. तेवढं कौतुक मला पुरत असे.

ते निवृत्त झाले आणि संगणकावरचा प्रोग्राम आला. लिहिणारा हुशारच असणार, कारण एवढी ठाम चूक करायला हुशारी लागते. प्रोग्राम आधी प्रत्येक स्तंभ फुगवून 'हजार कड्यांमागे किती' असा करी आणि मग त्या फुगलेल्या आकड्याचं वर्गमूळ काढून मला उभी करी. मूळ मोजणी तो विसरूनच जाई. मी ओरडत होते, पण रेघेचं कोण ऐकतं?

एका महिन्यात मोजायचं यंत्र दुरुस्तीला गेलं. तोवर तीन नंबरच्या मशीनच्या चाळीसच कड्या मोजून झाल्या होत्या. ते मशीन बावीस वर्षं चालवणाऱ्या बाईंना सगळे मावशी म्हणत. चाळीसांत चार पातळ निघाल्या. हजारामागे शंभर. इथवर ठीक. स्तंभ पंचवीस पटींनी वाढला, तर मीही तेवढीच वाढायला हवी होते. दोनाची पन्नास. प्रोग्रामने मला दहावर दाबून बसवलं. जणू शंभर पातळ कड्या कुणी खरोखर हातात धरून मोजल्या होत्या!

शेजारच्या मशीनच्या पूर्ण हजार मोजलेल्या. साठ पातळ, वर आठ, खाली आठ. त्या स्तंभाशेजारी मावशींच्या नावाचा पातळ कड्यांचा स्तंभ गुन्हेगारासारखा दिसू लागला. विभागाच्या साहेबांनी तो कागद फलकावर लावला आणि मावशींना पेट्या भरायला पाठवलं.

"साहेब, आणखी मोजा की," मावशी म्हणाल्या.

"आलेख खोटं बोलतो का, मावशी?"

"आलेख नसेल बोलत. पण चाळीसच कड्यांवरून माझी बावीस वर्षं कुठली मोजता?"

साहेबांनी चष्मा पुसला. उत्तर नसलं की ते चष्मा पुसत.

महिन्याभराने तपासणीला नव्या बाई आल्या. त्यांनी मूळ आकडे मागितले, पाच मिनिटं कागदावर काहीतरी गुणलं आणि तडक साहेबांच्या टेबलापाशी गेल्या.

"ही रेघ चुकली आहे. दहा नाही, पन्नास हवी."

"एवढी मोठी? मग आलेख किती घाणेरडा दिसेल!"

"दिसू दे ना."

"मग मावशींचं काम चांगलं की वाईट?"

"ते ह्या कागदावरून कुणालाच सांगता येणार नाही. हजारामागे पातळ कड्या पन्नासही असतील, दीडशेही. पुरेशा कड्या मोजल्याशिवाय एका बाईला मशीनवरून उठवलंत तुम्ही."

बाईंनी प्रोग्राममधल्या ओळी बदलल्या. आता मूळ मोजणी जपली जाते, तिचं वर्गमूळ आधी निघतं, आणि स्तंभ ज्या पटीने वाढतो त्याच पटीने मी. मी ताठ उभी राहिले तेव्हा साठाचा आकडा आरामात माझ्या पोटात मावला. मग मावशींनी त्या महिन्यात घासलेल्या, गोदामात पडून असलेल्या हजार कड्या मोजल्या गेल्या. पातळ निघाल्या अठ्ठावन्न.

"झालं गेलं, मावशी. या उद्यापासून मशीनवर," साहेब म्हणाले.

"येते. पण तो कागद महिनाभर फलकावर होता. येणारा-जाणारा वाचत होता. आता हा नवाही महिनाभर राहू दे. आणि खाली लिहा, आधी किती कड्या मोजल्या होत्या ते."

साहेबांनी चष्म्याला हात घातला. मग हात काढून पेन घेतलं आणि लिहिलं : 'चाळीस.'

मित्रांनो, माझा राग अजून उतरलेला नाही. अजून कितीतरी संगणकांवर मी दबून बसले आहे, आणि काही ठिकाणी तर 'आलेख सुबक दिसावा' म्हणून मला पुसूनच टाकतात. तुम्ही मोठे होऊन आलेख काढाल, असे प्रोग्राम लिहाल. तेव्हा मला सुंदर करू नका. मोजलं किती ते जपून ठेवा आणि मला माझ्या खऱ्या उंचीवर उभी राहू द्या, कितीही वेडीवाकडी दिसले तरी. कारण स्तंभाखाली कुणाचं तरी नाव लिहिलेलं असतं.