फरश्या, गाद्या, बाहुल्या आणि आमचे हे

विमानात चढणाऱ्या मालात कुणी किरणोत्सर्गी काही लपवलंय का, हे शोधायचं माझं काम. अकरा वर्षांत माझ्या मीटरला कुणी चकवलेलं नाही. घरी मात्र दिव्याखाली अंधार. आमच्या ह्यांना जिना चढताना छातीत कळ यायची. डॉक्टरकडे चला म्हणून मी तीन महिने कानीकपाळी ओरडत होते आणि ह्यांचं एकच पालुपद, पित्त आहे.

हे आमच्याच गोदामात फोर्कलिफ्ट चालवतात. त्या दिवशी लायसन्सचं काम आहे सांगून दुपारी उगवले. पहिलाच माल घेऊन तपासणीच्या कमानीखालून गेले, तर भोंगा वाजला. फरश्या होत्या. फरश्यांच्या मातीत थोडे किरण असतातच, त्यामुळे कधीमधी वाजतो, म्हणून मी मनावर घेतलं नाही. पुढच्या खेपेला गाद्या. भोंगा. मग बाहुल्या. पुन्हा भोंगा.

साहेबांच्या तोंडचं पाणी पळालं. विमान पाचला सुटणार होतं. मी बाहुल्यांचं खोकं खाली घ्यायला लावलं आणि एकेक बाहुली लांब नेऊन तपासली. सगळ्या निर्दोष. पुन्हा फोर्कलिफ्टवर चढवल्या की भोंगा सुरू. साहेब म्हणाले, गाडीतच खोट आहे. म्हणून मी ह्यांना खाली उतरवलं आणि गाडी दुसऱ्याला कमानीखालून न्यायला सांगितली. कमान गप्प. माझ्या हातातलं मीटर मात्र केकाटायला लागलं, आणि समोर हे उभे होते, चोरासारखे.

मीटर छातीपाशी नेलं तसं ते आणखीच चेकाळलं.

"सकाळी हृदयाची तपासणी करून आलो," हे बुटांकडे बघत म्हणाले. "शिरेतून औषध देतात. त्यातून किरण निघत राहतात, एक-दोन दिवस."

दवाखान्याने तशी चिठ्ठीही दिली होती. ती ह्यांनी फाटकातच फाडून टाकली, कारण मी खिसे तपासते. साहेबांना हसू आवरेना. मला मात्र मीटर ह्यांच्या डोक्यात घालावंसं वाटत होतं.

"मला का नाही सांगितलंत?"

"तू घाबरली असतीस."

"आणि तुम्ही?"

ह्यांनी शर्टाचं वरचं बटण लावलं. मग म्हणाले, "रिपोर्ट उद्या मिळणार आहे. आणायला जायचा धीर होत नाहीये."

माझा राग तिथंच गळून पडला. ते ह्यांना दिसू नये म्हणून मी साहेबांकडून फॉर्म मागून घेतला. भोंगा वाजला की फॉर्म भरावाच लागतो. किरण कशातून येतात: नवरा. कुठे लपवले होते: शर्टाच्या आत. धोका किती, तो रकाना मी कोरा सोडला. शेवटी विचारलं होतं, वस्तू कोणाच्या ताब्यात दिली. नियमाने तिथं साहेबांचं नाव येतं. मी माझं लिहिलं, खाली सही केली आणि दोघांची उद्याची रजा मागितली.