उशीचा अभ्रा

धक्क्यावर हॉटेलवाल्यांनी ह्या वर्षी सणासाठी चाळीस कोरलेले भोपळे मांडले होते. बेटाच्या मातीत भोपळा कधी उगवला नाही. हे सगळे बोटीनं आणलेले. मधोमध प्लास्टिकचा सांगाडा, बटण दाबलं की खिदळणारा. डेलिया पावासाठी मनुका आणायला गेली तेव्हा तिनं तो पाहिला आणि तिच्या तोंडाची चवच गेली. गुरं कुरणातून खाली आली की वर्ष संपायचं, त्या रात्री मेलेली माणसं घरी यायची, त्यांनी ओळखू नये म्हणून जिवंतांनी तोंडं झाकायची, असा हा सण. सलगम कोरून त्यात दिवा लावला की झालं. ह्या लोकांनी त्याचा तमाशा करून ठेवला होता, आणि तो बघायला अमेरिकेतून माणसं येत होती.

त्यातलीच एक तिची बहीण विनी. बावीस वर्षं बॉस्टनमध्ये काढून आठवड्यापूर्वी आली, ती घर सोडून हॉटेलात उतरली. आईच्या मातीला आली नव्हती. ह्या आठ दिवसांत ना ती घरी फिरकली, ना डेलियानं बोलावणं धाडलं. उद्या सकाळच्या बोटीनं ती परत जाणार होती. जाईना का मेली, असं डेलिया दिवसभर चुलीला सांगत होती.

बेटाची रीत मात्र अजून शाबूत होती. अंधार पडला की मोठी माणसं तोंडं झाकून कुणाच्याही घरात शिरतात. त्याला बोलावणं लागत नाही. आलेल्यानं चकार शब्द काढायचा नाही, घरच्यानं ओळखायचं. नाव बरोबर निघालं तर तोंड उघडायचं. नाही निघालं, तर मनुकांच्या पावाचा तुकडा घेऊन मुकाट चालू लागायचं.

सहाच्या सुमारास दार ढकलून एक बाई आत आली. अंगात पुरुषी मेणकापडी कोट, डोक्यावर उशीचा अभ्रा, त्याला डोळ्यांपाशी दोन भोकं. अभ्र्याच्या कोपऱ्यावर हॉटेलचा शिक्का. चुलीजवळची फरशी खचलेली आहे. नवखा माणूस तिथं हमखास अडखळतो. बाईनं खाली न बघता पाय बाजूनं टाकला आणि ती बाकावर बसली.

डेलियाला कळायचं ते कळलं. तोंडाशी आलेलं नाव तिनं गिळून टाकलं.

"कोण गं तू? धक्क्यावरची मेबल?"

अभ्रा हलला. नाही.

"बरोबरच आहे. मेबल एवढा वेळ गप्प बसती, तर तिचा नवरा घरात टिकला असता. मग पोस्टातली ब्रिडी? छे, ब्रिडी त्या बाकावर मावायची नाही."

धक्क्यापासून दीपगृहापर्यंतची एकेक बाई तिनं अशी सोलून काढली. मध्येच जीभ मुद्दाम दुसरीकडे वळवली.

"माझी बहीण आलीय म्हणे. भेटली का हॉटेलात? आईच्या मातीला विमान मिळालं नाही बाईसाहेबांना. भोपळे बघायला बरं मिळालं! शेवटचे तीन दिवस आई दाराकडे तोंड करून पडली होती. मी म्हणायची, येतेय, वाटेत आहे. मरणाऱ्या बाईशी खोटं बोलायला लावलं मला. असली बहीण कुत्र्यालासुद्धा मिळू नये."

रीतीप्रमाणे बाईला बोलता येतच नव्हतं. डेलियाला त्याची लाज वाटली नाही. उलट बरं वाटलं.

शेवटी बेटावरच्या बायका संपल्या. बाईनं ताटलीतला पावाचा तुकडा उचलला आणि ती दाराकडे निघाली. आता ही बाहेर पडली की बोट, मग बॉस्टन, आणि पुढची भेट दोघींतल्या एकीच्या मातीला. तीही झाली तर.

"विनी."

बाई थांबली. तिनं अभ्रा काढला. केस पांढरे झाले होते.

"कधी ओळखलंस?"

"फरशीपाशी."

"म्हणजे सगळं माहीत असून बोललीस?"

"तू उलटून बोलणार नाहीस अशी ही एकच संध्याकाळ. एरवी मला बोलू दिलंयस कधी?"

विनी परत येऊन बाकावर बसली. अभ्रा तिनं बहिणीपुढे धरला.

"आता तू घाल. आणि रीत मोडायची नाही. एक शब्द नाही."

"हॉटेलचा घाणेरडा अभ्रा," डेलिया पुटपुटली, पण तिनं तो डोक्यावरून ओढला. आतून तो ओलाचिंब होता.

विनी बोलू लागली.